कमरपट्ट्याचं माप

दादाने तीन आठवड्यांत माझ्यासाठी अकरा बॅगा नापसंत केल्या. मी मोजत होते, आणि तेही कौतुकाने. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आमचा फोटो स्टुडिओ बाबांनी काढलेला. बाबा गेल्यावर तो दादा आणि मी चालवतो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वर्षभर आम्ही पासपोर्टचे फोटो काढतो, लोकांना हनुवटी जरा खाली घ्यायला सांगतो, आणि वर्षातून एखादं बाहेरचं मोठं काम मिळालं की शटर ओढून निघतो. फोटो मी काढते. दादा व्हिडिओ करतो, आवाज टिपतो आणि सगळ्यांशी गोड बोलतो. या वर्षीचं काम म्हणजे नदी. उगमापासून मुखापर्यंत चाळीस दिवस, बरंचसं पायी, थोडं होडीने. नद्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला आम्ही प्रस्ताव पाठवला होता. म्हणजे मी लिहिला आणि दादाने सही केली. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाचा फोटो डोळे मिटलेला छापून दिला, इतकी मी हवेत होते.

अडचण एकच होती, माझी पाठ. दोन वर्षांपूर्वी एका उतारावर पडले आणि कमरेजवळची चकती सरकली. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं, "वजन उचला, पण खांद्यावर नको. कमरेवर पेलेल अशी बॅग मिळाली तर खुशाल जा. नाही मिळाली तर घरी बसा." तेव्हा प्रश्न साधा होता. बॅग मिळाली तर नदी, नाही तर हनुवट्या.

दादा म्हणाला, "ठमे, बॅग मी निवडून देणार. तू दिसायला चांगली बघून घेशील आणि तिसऱ्या दिवशी रडशील." लहानपणापासून तो मला ठमी म्हणतो. मला बरं वाटलं. त्याला काळजी आहे असं वाटलं.

दर दुकानात आम्ही आमचं सामान घेऊन जायचो आणि बॅगेत भरून बघायचो. भरण्याची आमच्याकडे एक रीत आहे. बाबांनी एका पुठ्ठ्यावर यादी लिहून ठेवली आहे. एकाने ती मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने वस्तू कप्प्यात ठेवून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर वस्तू भरली नाही असं समजायचं. दादा वाचतो, मी भरते. मी एकोणीस वर्षांची असल्यापासून असंच चाललंय. कॅमेरे? दोन. मोठी लेन्स? आहे. छोट्या लेन्स? तीन. बॅटऱ्या, पुसायचं फडकं, पावसाचं कव्हर, आणि सगळ्यात शेवटी बाबांच्या वळणदार अक्षरात, माणसं? दोन. एकदा बाबा आईला बसस्टँडवर विसरून आले होते, तेव्हापासून ती ओळ यादीत आली. आई हे सगळ्यांना सांगायची आणि बाबा पेपरात तोंड खुपसायचे.

दुकानांत दादा यादी वाचायचा, पण शेवटची ओळ वाचायचा नाही. मला वाटलं, दुकानदारासमोर लाजतो.

पहिल्या बॅगेचे पट्टे अरुंद म्हणाला. दुसरी काळी होती, उन्हात लेन्स तापतील म्हणाला. तिसऱ्या बॅगेची चेन बाजूला होती, गर्दीत कुणीही हात घालेल. चौथी मला मनापासून आवडली. कमरपट्टा जाड, हाडांवर बरोबर टेकणारा. पाठीकडून उघडणारी, म्हणजे चिखलात पालथी टाकली तरी पाठीला लागणारे पट्टे कोरडे राहणार. दादा म्हणाला, पाठीकडून उघडणारी नको, चिखलात पट्टे भिजतील. हे साफ उलटं होतं. वीस वर्षं बाहेर हिंडलेला माणूस असं कसं बोलेल, असं माझ्या मनात आलं, पण दादा बोलतोय म्हटल्यावर मी ते तिथेच सोडलं. भावाच्या बोलण्यात खोट काढायची मला सवय नाही. ती लावून घ्यायला हवी होती.

सातव्या की आठव्या बॅगेनंतर मी म्हटलं, आपल्या बॅगवाल्या काकांकडे शिवून घेऊ. बारा वर्षांपूर्वी आमच्या दोन्ही बॅगा काकांनीच शिवल्या होत्या. मी जाड कागदावर एकेक लेन्स उभी करून पेन्सिलने भोवती रेघ मारली होती आणि त्या मापाने त्यांनी आत फोमचे कप्पे कापले होते. माझी बॅग डावरीची, चेन डावीकडे. अंधारात हात घातला तरी हवी ती लेन्स हाताला लागायची. दादा म्हणाला, "काकांनी काम सोडलं. डोळ्यांना दिसत नाही आता." मला वाईट वाटलं. भेटून यावं असंही वाटलं, पण रोज एक नवं दुकान असायचं.

निघायला पाच दिवस राहिले आणि हातात बॅग नव्हती. दादा अधूनमधून म्हणायचा, बघ ठमे, जमणार असेल तरच हं, ओढूनताणून काही नको. मी म्हणायचे, जमणार. शेवटी त्या दुपारी दादा बँकेत गेलेला असताना मी स्टुडिओ बंद केला आणि काकांकडे गेले. त्यांना दिसत नसेल तर त्यांच्या हाताखालचं कुणी शिवून देईल, एवढाच विचार होता.

काका मशीनवर बसले होते. सुईत दोरा ओवत होते, चष्म्याशिवाय.

मला बघून म्हणाले, "आलीस? दादाला परवा ये म्हटलं होतं. पण झालीय, फक्त एक बक्कल राहिलंय." आणि त्यांनी फळीवरून एक बॅग काढून माझ्यासमोर ठेवली. करड्या रंगाची, जाड कापडाची, पाठीकडून उघडणारी.

खरं सांगते, माझे डोळे भरून आले. माझा दादा दुकानादुकानांतून मला उगाच फिरवत होता आणि इकडे गुपचूप माझ्यासाठी बॅग शिवून घेत होता. डोळ्यांचं खोटंही त्यासाठीच, मी इकडे फिरकू नये म्हणून. मी अकराच्या अकरा नकार एका क्षणात माफ करून टाकले. काकांना म्हटलं, त्याला सांगू नका हं मी बघितली म्हणून. काका हसले.

मी ती पाठीवर घेतली आणि कमरपट्टा बांधला. तो माझ्या कमरेवरून घसरून मांड्यांवर आला. पट्टा पूर्ण आवळला तरी आत माझी पूर्ण मूठ जात होती. खांद्याचे पट्टेही लांब.

"काका, माप चुकलंय," मी म्हटलं.

"माझं माप चुकत नाही," काका म्हणाले. "इथे उभं करून घेतलंय."

"कुणाला उभं करून?"

काकांनी दोरा तोडला आणि माझ्याकडे नीट बघितलं. बॅग मी उघडली होती. आत कप्पे होते. दोन कॅमेऱ्यांचे, तीन छोट्या लेन्सचे, दादाच्या माइकचा, आणि मधोमध मोठ्या लेन्सचा. आमच्या दोन बॅगांचं सगळं सामान एका बॅगेत. छोटी चेन उजवीकडे. कापायच्या टेबलावर माझाच जुना कागद पसरलेला होता, माझ्याच पेन्सिलीच्या रेघा, कोपऱ्यात माझंच अक्षर. दादाने नवीन कागद करायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

"तो एकटा जाणार म्हणाला," काका हळूच म्हणाले. "तुझी पाठ पार गेली, तूच नाही म्हणालीस. असंच सांगितलं त्याने. महिना झाला की."

महिना. म्हणजे पहिल्या दुकानात पाऊल ठेवण्याच्या आधी.

मी बॅग खाली ठेवली. काकांनी पाणी दिलं ते प्यायले. बाहेर येऊन संस्थेतल्या बाईंना फोन लावला. त्या फार चांगल्या बोलल्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, तुमच्या भावाने तुमचा निरोप कळवला, आम्हाला वाईट वाटलं, पण तुम्ही आधी सांगितलंत ते बरं केलंत, होडी आणि राहायची सोय एकाचीच केली आहे, आता बदलता यायचं नाही. तब्येतीला जपा. मी "हो" म्हटलं. दादाने सांगितलेलं खोटं मी माझ्या तोंडाने पक्कं केलं, कारण परक्या बाईसमोर भावाला खोटा पाडायला माझी जीभ वळेना. याचा मला अजून राग आहे, आणि तो दादावर नाही.

स्टुडिओत आले तर दादा परत आला होता. कुणाच्या तरी मुलाला स्टुलावर बसवून हनुवटी खाली घ्यायला सांगत होता. मी ते गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "काकांना छान दिसतं अजून."

दादाने कॅमेऱ्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग सुरू झाला. तुझ्या भल्यासाठीच, तुझी पाठ, तुला वाईट वाटलं असतं. साखर पेरणं त्याला येतंच.

"माझी पाठ गेलीय, दादा. तोंड नाही गेलेलं. नाही म्हणायचं असतं तर मी म्हटलं असतं."

"म्हणशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. "दोन-चार दुकानं फिरलीस की कंटाळशील, आपणहून सोडशील. मग हे सांगायची वेळच आली नसती."

"आणि नाही सोडलं तर?"

मग त्याचा आवाज बदलला, गोडवा गेला. "मागच्या खेपेला अर्ध्यातून परत यावं लागलं. तुझ्यामुळे. हातातलं काम गेलं. हे काम मला अर्धं सोडायचं नाही."

त्या उतारावर माझ्या पाठीवर माझी बॅग होती आणि खांद्यावर दादाचा ट्रायपॉड. आदल्या दिवशी त्याचा पाय मुरगळला होता म्हणून मी तो मागून घेतला होता. दादाला हे माहीत आहे. मी त्याच्याकडे बघत राहिले, त्याला ते आठवेल म्हणून. आठवलंही असेल. पण तो पडद्याच्या घड्या नीट करायला लागला. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरचंच माणूस लागतं त्याला, परक्याला एवढं जवळ कोण येऊ देतं.

चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. निघायच्या सकाळी करडी बॅग स्टुडिओच्या टेबलावर उघडी होती आणि दादा तिच्यात सामान कोंबत होता. वीस वर्षांत त्याने एकदाही बॅग भरलेली नाही. काचेवर काच घासल्याचा आवाज आला आणि मला राहवलं नाही. दादा वाईट वागला, लेन्सने काय केलंय? मी त्याला बाजूला केलं आणि सगळं बाहेर काढलं. भिंतीवरचा पुठ्ठा त्याच्या हातात दिला.

तो वाचायला लागला. कॅमेरे? दोन. छोट्या लेन्स? तीन. बॅटऱ्या? आहेत. फडकं? आहे. मोठी लेन्स त्याने वगळली होती, मग मध्येच आठवल्यासारखी वाचली.

"मोठी लेन्स?"

"नाही," मी म्हटलं. ती माझी आहे. माझ्या पैशांची, माझ्या नावाची. आमच्या यादीला 'नाही' असं उत्तर पहिल्यांदाच आलं. दादाने वर बघितलं, रिकाम्या कप्प्याकडे बघितलं, पण मागायची त्याची हिंमत झाली नाही.

पावसाचं कव्हर? आहे. दादाने पुठ्ठा टेबलावर पालथा ठेवला आणि चेनला हात घातला.

"एक ओळ राहिली," मी म्हटलं.

"राहू दे ना, ठमे."

"यादी अर्धी सोडायची नाही. तुलाच अर्धं सोडलेलं आवडत नाही ना? वाच."

त्याने पुठ्ठा उलटा केला. ती ओळ त्याला पाठ होती, तरी त्याने ती बघून वाचली, अगदी हळू.

"माणसं?"

"एक," मी म्हटलं आणि चेन ओढली.

त्याने बॅग पाठीवर घेतली आणि बक्कल लावलं. कमरपट्टा त्याच्या हाडांवर बरोबर बसला. काकांचं माप चुकत नाही.