शिवाप्पाच्या कमरेवरचा डाग

मित्रांनो, गोठ्याच्या कुडात खोचलेली, टोकाला विळ्यासारखी वाकलेली जुनी सळई दिसते ना, ती मी. भिऊ नका, आता मी थंड आहे.

मोडक्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव होती. तिच्या तुकड्यातून माझा जन्म झाला. मन्नाएखेळ्ळी गावच्या लोहाराने मला भट्टीत लालभडक केले आणि माझे टोक वाकेपर्यंत घणाने बडवले. मग पाण्यात बुडवले. मी किंचाळले. जन्मताना जे सोसले, तेच पुढे मी दुसऱ्यांना देत राहिले.

शिवाप्पाने मला घरी आणले. त्याचे आजे-पणजे मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडत. पुढे शेती आली, तरी डाग देण्याची विद्या घरात राहिलीच. बैलाचा खांदा सुजला, मेंढी लंगडली, की लोक त्याच्या दारी येत. चारजण जनावराला पाडत, पाय आवळत. गोवऱ्यांच्या विस्तवात मी लाल होई. कातडीवर टेकले की केस जळत, चरबी तडतडे, आणि जनावर डोळे पांढरे करून ओरडे. लोक म्हणत, "शिवाप्पाचा हात म्हंजी औषध!" दसऱ्याला मलाही हळदकुंकू लागे.

मग शिवाप्पाची साठी उलटली आणि त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. त्याचा मुलगा सुनीलकुमार बीदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात कामाला आहे. त्याने वडिलांना बीदरच्या दवाखान्यात नेले. रक्तातला पीएसए नावाचा आकडा वाढला होता. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची एक लहान ग्रंथी असते. तिथे कर्करोग असला, तर हा आकडा वाढतो. कधी दुसऱ्या कारणानेही वाढतो. म्हणून सुईने तिथले बारीक तुकडे काढून तपासतात. ते तपासले, काही निघाले नाही. पण शिवाप्पाला लघवीतून रक्त गेले, थंडी वाजून ताप भरला. आणि इतके सोसूनही आकडा चढतच राहिला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा तुकडे काढावे लागतील.

"पुन्हा कामून?" शिवाप्पा गोठ्यात मुलावर गरजला. "एकदा भोकं पाडली, काय घावलं? पिस्तूल झाडल्यावानी फट् फट् वाजतंय आत! त्यापरास मारून टाक मला."

"अप्पा, आकडा वर जायलाय. पहिल्या बारीला सुई चुकली असंल."

"मग ह्या बारीला बी चुकंल!" त्याने भरलेली बादली भिंतीवर आपटली. बैल दावणीला हिसके देऊ लागले.

त्याच्या मनाने घेतले होते, की सुईने रोग डिवचला. डिवचलेला रोग जाळूनच निघतो, असे तो जनावरांसाठी जन्मभर मानत आला होता. सुनीलकुमार कामावर गेल्यावर त्याने तिप्पण्णाला बोलावले. तिप्पण्णा म्हणजे जनावरांचे पाय धरणारा त्याचा जुना सोबती.

"मला बैलाचे पाय धरायची सवय हाय बाबा, तुझे न्हाई," तिप्पण्णा मागे सरकला. "तू लाथ मारशील."

"मग बांध की मला."

शिवाप्पाचे हात खांबाला बांधले गेले. दातांत टॉवेल होता. तिप्पण्णाने मला उचलले आणि त्याच्या कमरेवर टेकवले. माणसाची कातडी जनावराहून किती पातळ असते, मित्रांनो! ती लगेच फाटली. शिवाप्पाची मान ताठ झाली, खांब करकरला. टॉवेल गळून पडला तसा तो ओरडला, "दुसऱ्या बाजूला बी दे!"

तेवढ्यात वैरणीचा भारा टाकून त्याची बायको बाणूबाई धावत आली. तिने मला धरले. लाकडी मुठीला नव्हे, लाल टोकाच्या जवळ, उघड्या हाताने.

"सोड ग! हात जळायलाय तुझा!" शिवाप्पा ओरडला.

"जळू द्या. तुमचा रोग भाजून जायलाय व्हय? मग माझं भ्या बी जाऊ द्या भाजून!"

ज्या हाताने तिने तान्ही लेकरे मांडीवर घेऊन न्हाऊ घातली, त्या तळहाताचे कातडे मला चिकटले. तिने मला हौदात भिरकावले, तेव्हा ते माझ्याबरोबरच गेले.

शिवाप्पाच्या कमरेला पू झाला. डॉक्टर खूप रागावले. ताप उतरून जखम भरेपर्यंत त्यांना तपासणी पुढे ढकलावी लागली. तेवढे दिवस रोगाला मोकळे रान मिळाले.

बाणूबाईचा हात पट्टीत होता, म्हणून शिवाप्पा गोठ्याच्या सावलीत बसून तिला भाकरी भरवी. एकदा घास हातातच धरून तो म्हणाला, "एवढी भीत होतीस, तर मला बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही वरडायचं थांबलाव कुठं?"

त्याने घास तिच्या तोंडात दिला. मग म्हणाला, "तू संगं येशील, तर जातो बीदरला."

ती गेली. पुन्हा सुया झाल्या, पुन्हा रक्त गेले. या वेळी मात्र घावले. पहिल्या वेळी सुई जिथे पोचली नव्हती, तिथे कर्करोग होता. अजून बाहेर पसरला नव्हता, उपचार होण्याजोगा होता. सुनीलकुमार हे सांगत असताना शिवाप्पा बैलाच्या मानेला मिठी मारून रडला.

आता त्याचे उपचार चालू आहेत. परवा कोणी लंगडा बैल घेऊन आला आणि त्याने मला कुडातून उपसले. शिवाप्पाने त्याचे मनगट पिरगळले. "ठिव ती सळई! जनावराच्या डॉक्टरला फोन लाव."

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात. मला ते नको. मला पावसात पडू द्या, गंजून भुगा होऊ द्या. घरातला दांडगा माणूस विनाकारण भिंतीवर वस्तू आपटू लागला, तर समजा की तो भ्याला आहे. त्याच्याजवळ बसा. त्याला दवाखान्यात एकटे पाठवू नका. आणि त्याने विस्तव पेटवलेला दिसला, तर आधी मला लपवा.