करडईच्या तेलाचा हात

मित्रांनो, लखलखणाऱ्या वस्तूलाही लाज वाटते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मी वालूरच्या एका मोटारसायकलच्या पुढच्या चाकातली जुनी ब्रेक-डिस्क आहे. पोलादाची गोल चकती, अंगभर भोकं. ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्हीकडून कवटाळतात आणि माझ्यासंगं चाक थांबतं. माझ्या शेजारी एक दातेरी कडं फिरतं, आणि त्यावर एक सेन्सर नजर ठेवून असतो. चाक एकदम जाम होऊन घसरायला लागलं की त्याला कळतं. मग पॅडची मिठी क्षणभर सैल होते, लगेच पुन्हा घट्ट होते. यालाच एबीएस म्हणतात.

भट्टीतून निघाले, घासून गुळगुळीत झाले आणि ऋतुजाच्या घरी आले. ऋतुजा सेलूच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. तिचे वडील चंद्रप्पा, म्हणजे तिचे अप्पा, किराणा दुकान चालवतात. पहाटे सेलूला जायला दुसरं काही मिळत नसे. मी थांबायचे, म्हणून ती निर्धास्त धावायची.

काळ्या मातीचा चिखल माझ्या भोकाभोकांत जाऊन बसे. सुट्टीच्या दिवशी ऋतुजा मऊ ब्रशनं कड्याचे दात मोकळे करी, सेन्सर कोरड्या फडक्यानं हलकेच पुशी. मला मात्र ब्रेक साफ करायचं औषध. त्यानंतर बोटही लावू देत नसे.

"बोटाचं तेल बी हिला चालत न्हाई, आई."

"सुनेचे बी येवढे लाड करत न्हाईत गं!" भागम्मा, तिची आई, हसायची. त्या हसण्यानं माझं पोलाद ऊबदार व्हायचं.

मग दसरा आला. चंद्रप्पांच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला घरातलं लोखंड कोरडं ठेवायचं नाही. तराजू, विळी, कुलूप, सगळ्यांवरून करडईच्या तेलाचा हात फिरायचा. त्या सकाळी ऋतुजा न्हाणीत होती. अप्पांनी गाडी धुतली, टाकीवर विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचा हार घातला. मग तेलाची चिंधी घेऊन माझ्यापाशी उकिडवे बसले.

"तू कशाला कोरडी ऱ्हातीस?" असं म्हणत किती मायेनं चोळलं त्यांनी मला! मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे? मी नुसती चमकत राहिले.

लगेच मायलेकी सोनं द्यायला मामाकडे, देवगाव फाट्याला निघाल्या. गल्लीतून ऋतुजा मागच्याच ब्रेकवर हळूहळू गेली. पुढे रस्ता मोकळा. फाट्यावर एक टेम्पो अचानक आडवा वळला. तिनं माझा ब्रेक दाबला. पॅडनी मला धरलं आणि ओल्या साबणासारखी मी त्यांच्या हातून निसटले. जिथे पकडच नाही, तिथे बिचारं एबीएस सैल तरी काय करणार? गाडी सीताफळांच्या पाट्यांत शिरली. ऋतुजाचं कोपर सोललं. भागम्माचं मनगट मोडलं.

"पोरींना कशाला द्यावी गाडी!" फाट्यावर कुणीतरी म्हणालं. मित्रांनो, तो बोल माझ्या वाट्याचा होता, पण बसला तिच्यावर.

टेम्पोत घालून मला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी शिवप्रकाशमामा विचारत होते, "मीटरवरचा एबीएसचा दिवा पेटला होता का?"

"न्हाई मामा," ऋतुजा खरं तेच बोलली.

"मंग गाडी ठणठणीत हाय. हात कच्चा तुझा. दाजी, चावी द्या, मी गाडी नेतो. पोरीची नौकरी काय, आज हाय उद्या न्हाई."

चंद्रप्पांनी मान खाली घातली आणि चावी दिली. "पुसून तरी देते," एवढंच म्हणत ऋतुजा माझ्यापाशी बसली. तिनं पांढरं फडकं माझ्यावरून फिरवलं. ते पिवळं झालं. तिनं ते नाकाशी नेलं. करडई! तिनं पायरीवर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं आणि फडक्याची डागाची बाजू आत दुमडली.

पण अप्पांनी पाहिलं होतं. "दाखीव," ते म्हणाले.

"काही न्हाई अप्पा."

"दाखीव म्हनलं ना!"

तो वास त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्या घडीला भूमीत जावंसं वाटलं मला. माझ्याच अंगावरच्या मायेनं एका बापाची मान खाली गेली होती.

"झालं का पुसून? निघतो मी," मामांनी आवाज दिला.

चंद्रप्पा उठले. "शिवप्रकाश, चावी ठेव. पोरीचा कसूर न्हाई. ब्रेकला तेल म्या लावलं, ह्या हातानं. कालपासून तिला बोल लागायलेत अन् मी मुक्यासारखा ऐकायलोय."

मामांनी चावी पायरीवर ठेवली. आतून भागम्मा म्हणाली, "माझं मनगट जुळंल. पोरीचं नाव मोडलेलं लवकर जुळत न्हाई. फाट्यावरच्या लोकांना कोन सांगनार?"

पॅड तेल प्यालेले होते, ते टाकून मेकॅनिककडून नवे बसवले. औषधानं मला पुन्हा पुन्हा पुसलं. ऋतुजानं मोकळ्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक लावून पाहिला. मग ती म्हणाली, "बसा अप्पा."

फाट्यावर तिनं ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले. अप्पा उतरले. सीताफळवाल्या मावशीसमोर, चहा पिणाऱ्या माणसांसमोर हात जोडून म्हणाले, "त्या दिवशी गाडी पोरीनं न्हाई पाडली. म्या पाडली."

मित्रांनो, सणाला आमची पूजा जरूर करा. हळद-कुंकू टाकीला लावा, हार आरशाला घाला, पण मला कोरडी ठेवा. माझी लाज अजून पुरती गेलेली नाही. मात्र अप्पा परत येऊन मागे बसले, तेव्हा ऋतुजानं डोळे पुसले आणि आधी ब्रेक दाबून पाहिला, मगच गाडी सुरू केली.