जुलैचा रकाना

मित्रांनो, घंटेचा आवाज ऐकून दचकू नका. मी एक जुना फॅक्स आहे आणि दचकायचं काम माझं. फोन खणखणला की आजही मला जुलैची एक सकाळ आठवते. का, ते ऐका.

नाशिकला गंगापूर रोडवर एक सागर संशोधन संस्था होती. हसू नका! नाशिकला समुद्र नाही, हे मलाही ठाऊक आहे. संचालकांचं घर इथे, म्हणून कचेरी इथे. मासे मोजणारी माणसं कोकणातल्या केंद्रावर असायची आणि प्रकल्पांचे अर्ज, अनुदानाची पत्रं, अहवाल हे सगळं नाशिकहून चालायचं. १९९६ साली मला खोक्यातून काढलं तेव्हा हार घातला, पेढे वाटले. इथे माझ्या तोंडात कागद घातला की त्याची नक्कल तिकडे केंद्रावरच्या फॅक्समधून बाहेर पडायची. शेजारच्या कचेरीतले लोक बघायला यायचे. मी फुशारून जायचो.

प्रकल्पांचं सगळं सविताताई बघायच्या. हुशार बाई, कामाला वाघ! दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी परदेशी निधीसाठी एक अर्ज केला. वर्षातून चार वेळा होडीने जाऊन समुद्राची पाहणी करायची होती. ताईंनी पट्टी घेतली आणि वर्षाचे चार सारखे रकाने आखले. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. इतका नीटनेटका कागद की अनुदान मंजूर झालं. तोच कागद मी केंद्रावर किशोरला पाठवला. किशोर सिडकोतला मुलगा, नवा संशोधक, पहिलीच नोकरी. कागदावर लिहिलंय ते करायचं, एवढंच त्याला माहीत.

जुलैतल्या एका सकाळी दहा वाजता माझ्यातून त्याचं अक्षर बाहेर आलं. ताईंनी ते मोठ्याने वाचलं. "वेळापत्रकाप्रमाणे आज दुपारी एकच्या सुमारास पाहणीला निघतो. नाखवा यायला तयार नाही, म्हणून केंद्राची होडी मीच नेतो."

"वा! अगदी वेळेवर," ताई म्हणाल्या.

चहा ठेवायला आलेले शिपाई काळूमामा जागीच थांबले. मामा हरसूलकडचे. तरुणपणी त्यांनी बंदरावर मजुरी केली होती.

"ताई, आखाडात दर्यावर कुणी होडी घालतं का? नारळी पुनवंपर्यंत समुद्र बंद राहतो. पोरगं जिवानिशी जाईल!"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "मामा, अर्ज लिहिताना तुम्ही इथेच होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"मला कोण इचारतं, ताई?"

ताईंनी 'जाऊ नकोस' असं ठळक अक्षरात लिहून कागद माझ्या तोंडात घातला. मी नंबर फिरवला. एकदा, दोनदा, सात वेळा. तिकडून उत्तरच नाही. पावसाने तार तुटली, की किशोर कुलूप लावून निघाला? मित्रांनो, मला दरदरून घाम फुटला असता, पण यंत्राला घाम कुठला! जुलैचा रकाना मीच त्याच्याकडे पोचवला होता, आणि आता तो मला परत आणता येत नव्हता.

अकरा वाजले. बारा वाजले. बंदरावर दुसरा फोन कुणाकडे असेल, ते कुणालाच सुचेना.

"ताई, केंद्रानं मासळीसाठी बर्फ घेतलेला, त्याचं बिल फायलीत लावलंय मी," मामा एकदम म्हणाले. "बर्फाचा कारखाना बंदरावरच असतोय. बिलावर नंबर आसंल."

माझ्याच रिसीव्हरवरून ताईंनी तो फोन लावला आणि किशोरचं विचारलं. पलीकडे एक म्हातारा ओरडला, "कोण, तो चष्मेवाला? अहो, तो तर होडी ढकलतोय पाण्यात!"

"धरा त्याला! पाया पडते तुमच्या!"

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला आणि मग नुसता पाऊस ऐकू येत राहिला. मामा देवाचं नाव घेत दाराशी बसले. तो पाऊस मी किती वेळ ऐकला, मला सांगता येणार नाही. मला फक्त भीती वाटत होती.

मग धापा टाकत एक आवाज आला. "ताई, किशोर बोलतोय. काठावरच होडी उलटली. या आजोबांनी ओढून काढलं मला."

ताई रडायलाच लागल्या.

"पण ताई," तो काकुळतीने म्हणाला, "जुलैच्या रकान्यात आता काय लिहू? अनुदान थांबेल."

एवढं झालं तरी पोराला रकान्याची धास्ती! ताईंनी डोळे पुसले. "लिही, समुद्र बंद होता. आणि खाली लिही, चूक सविताची."

तो कागद निधीवाल्यांना मीच पाठवला. अनुदान थांबलं नाही. पुढे ई-मेल आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली, मग माळ्यावर. आता माझ्या अंगावर बोटभर धूळ आहे.

तक्रार नाही, मित्रांनो. दुसऱ्याच्या नावापुढे तारीख लिहाल तेव्हा आधी त्याला विचारा. चहा आणून देणाऱ्यालाही विचारा. मी काय, यंत्र! तोंडात येईल तो कागद तसाच पुढे ढकलायचो. तुम्ही माणसं आहात. तुम्ही तसं करू नका.