विडीपुरती सुट्टी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझा जन्म गोडेतेलासाठी झाला. तेल संपल्यावर सोलापुरातल्या मुलांच्या मानसोपचार रुग्णालयात माझ्यात वाळू भरली गेली आणि मला स्वयंपाकघरामागच्या बाकाशेजारी ठेवले गेले. कर्मचारी माझ्यात विड्या विझवत. विड्या वळून घरे चालवणाऱ्या या शहरात त्याचे कोणाला काही वाटत नसे.

मित्रांनो, तिथली मुले तुमच्याच वयाची होती, पण मनाने आजारी. काही स्वतःला इजा करून घेत. त्यांच्यावरून नजर हलवून चालत नसे. गुरप्पामामा हे वॉर्डातले सर्वांत जुने मदतनीस. भेदरलेली मुले त्यांचा हात धरूनच औषध घेत. मामांना मात्र विडीचा जुना खोकला होता.

मग नियम आला : आवारात धूम्रपान बंद. माझी रवानगी बाकासकट फाटकाबाहेर झाली. शिवलीला सिस्टरांनी विडी सोडणाऱ्यांना तलफ भागवणाऱ्या चघळायच्या गोळ्या दिल्या, धीर दिला. मामांनी विडी सोडली. खोकलाही उतरू लागला. मला फार बरे वाटले.

पण वॉर्डात एक रीत होती. ‘विडी ओढून येतो’ म्हटले की दुसरा माणूस जागेवर उभा राही. इतर कशासाठी कोणी सुटत नसे.

एका सकाळी एक मुलगी भिंतीवर डोके आपटत राहिली. मामांनी तिला कितीतरी वेळ धरून ठेवले. ती शांत झाल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. मागोमाग मदतनिसांचा मुकादम धुळाप्पा आला.

“मामा, बिडी सोडली न्हवं? मग हितं काय करताय?”

“वाईच बसतो की. जीव घाबरा झालाय.”

“नुसतं बसायला कुटनं सुट्टी देऊ? मानसं हायत कुटं? चला, पोरं एकटी हायत.”

“म्हंजे बिडी वडली तर मानूस, न्हायतर भिंत व्हय?” मामा हसत उठले.

धुळाप्पा वाईट नव्हता. त्याच्याकडे खरोखरच माणसे नव्हती.

काही दिवसांनी मामा पुन्हा आले. त्यांच्या हातात विडी होती. “आता तरी बसू देशील की?” त्यांनी विचारले. धुळाप्पा त्यांच्या जागी उभा राहायला वॉर्डात गेला. मला ओरडावेसे वाटले. पत्र्याच्या डब्याला वाचा कुठली! ती विडी मी विझवून घेतली, तिच्यामागून आलेल्याही.

बाकापाशी येऊन सिस्टरांनी विचारले, “मामा, गोळ्या संपल्या का?”

“गोळ्या लई हायत, सिस्टर. बसायला कारन न्हाय.”

सिस्टर कार्यालयात जाऊन भांडल्या. माणसे कमी आहेत, एवढेच उत्तर मिळाले.

पुढे खोकला वाढला. रजेवर गेलेले मामा परत आले नाहीत. त्यांच्या चपला आणि जेवणाचा डबा न्यायला त्यांची मुलगी महादेवी आली. फाटकापाशी धुळाप्पा तिला म्हणाला, “लई मायेचा मानूस. पर बिडी काय सुटली न्हाय बघा.”

“सुटली होती,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. मग ती त्या बाकावर बसली. तिला कोणी उठवले नाही.

मित्रांनो, कोणाला विडी सोडायला सांगाल तेव्हा एवढेच करा. त्याच्या जागी थोडा वेळ उभे राहा आणि त्याला रिकाम्या हाताने बसू द्या.