सुमित्राबाईंच्या हातचं

जेवणं आटोपली की निशिगंधा डायनिंग टेबलावर जुना टॉवेल अंथरायची आणि लोणच्याच्या बरण्यांना लेबलं लावायला बसायची. हे काम तिच्या आवडीचं. लेबल तिनेच केलेलं. वर ठळक अक्षरांत 'सुमित्राबाईंच्या हातचं', खाली 'कोळंबीचं लोणचं' आणि बाजूला सासूबाईंचा हसरा फोटो. मागच्या बाजूला घटक, तारीख, बेलापूर गावातल्या घराचा पत्ता आणि निशिगंधाच्या नावावर काढलेला नोंदणीचा नंबर. सगळ्यात खाली एक ओळ तिने स्वतः सुचवलेली: 'घरच्या चुलीवर, घरच्यांसाठी करतो तसंच.'

सुरुवातीला ते खरंच तसं होतं. सुमित्राबाई सकाळी दिवाळे गावच्या बंदरावर जाऊन ओळखीच्या कोळणीकडून कोळंबी आणायच्या, एकेक सोलून तिच्या पाठीतला काळा दोरा काढायच्या. मग सीवूड्स, नेरूळच्या सोसायट्यांमधून ऑर्डरी वाढल्या आणि सासूबाईंची मनगटं दुखायला लागली. निशिगंधाचा नवरा धनेश उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोडाऊनवर ट्रान्सपोर्टचं काम बघायचा. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नको. खालचा गाळा रिकामाच आहे, तिथे दोन बायका लावतो. तू फक्त फोन आणि लेबलं सांभाळ." तेव्हापासून बरण्या भरून, पुसून, झाकणं लावूनच वर येत होत्या.

त्या दिवशी एका बरणीचं झाकण मध्येच टम्म फुगलेलं दिसलं. निशिगंधाने ते जरासं फिरवलं, तर आतून फुस्स करून हवा सुटली आणि लालसर फेस तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. वास आला तो आंबटही नाही आणि मासळीचाही नाही. बंद खोलीत ओलं पोतं कुजावं तसा वास. ती धावत बेसिनपाशी गेली. साबण लावला, लिंबू चोळलं, पण वास काही बोटं सोडेना.

गाळ्याची चावी खुंटीवर होती. ती घेऊन निशिगंधा खाली उतरली.

शटर वर केलं आणि तिने पदर नाकाला लावला. कामाच्या बायका कुठेच नव्हत्या. मधोमध एक निळा ड्रम होता, शेजारी कढई, तेलाचा डबा, सोललेला लसूण. ड्रमवरचं मूळ लेबल कोणीतरी खरवडून काढायला गेलं होतं, पण अर्धं तसंच राहिलं होतं. त्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. तिने झाकण उचललं. तेलावर पांढरट, केसाळ साय जमली होती आणि एका कडेला ती झाऱ्याने ओढून घेतल्याच्या खुणा होत्या. काढलेली साय बाजूच्या बादलीत साचली होती, माश्या घोंगावत होत्या. खालची कोळंबी मऊ पडून लगदा झालेली. प्रत्येकीच्या पाठीत काळा दोरा तसाच.

मागच्या रविवारी आपण यातलंच लोणचं भाकरीबरोबर खाल्लं, बोटंसुद्धा चाटली, हे निशिगंधाला आठवलं आणि ती गाळ्याच्या दारातच ओकली.

तोंड पुसून तिने धनेशला फोन लावला. "खाली ड्रममध्ये काय आहे?"

"तू गाळा कशाला उघडलास? एक्सपोर्टचा परत आलेला माल आहे तो. फेकूनच देणार होते. वरचं काढलं, गरम केलं, लसणाचा तडका मारला की काही होत नाही. कोणी मेलंय का आजवर?"

"बरणीवर आईंचा फोटो आहे, धनेश. माझं नाव आहे."

"म्हणून तर विकलं जातं ना," तो म्हणाला, अगदी समजूत घातल्यासारखा.

निशिगंधा जिना चढून वर आली. सुमित्राबाई पंख्याखाली बसून मनगटाला बाम चोळत होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने या बाईला ताज्या मासळीवरून बाजारात भांडताना पाहिलं होतं. हे ऐकून आई धनेशची चामडी लोळवतील, या भरवशावर तिने सगळं एका दमात सांगितलं.

सुमित्राबाई बाम चोळतच राहिल्या. "मना ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तडका मीच मारतंय त्याला."

"तुम्ही? त्या कुजलेल्या कोळंबीला?" निशिगंधाने विचारलं.

"अगो, हात चालत नाय आता माजे. आनि लोकांना काय कलतंय? तिखट लागला, लसनीचा वास आला की झाला. तो फोटो लावलास ना, तवापासून मना बाजारात बायका वलखतान. थांबवून बोलतान, मावशी, तुमच्या हाताला चव हाय."

"आई, मी खाल्लं ते. रविवारी."

तेव्हा कुठे सुमित्राबाईंचा हात थांबला. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. "विकायच्यातला खाल्लास? मना विचारायचा ना गो! आपला घरचा वेगला काढून ठेवलाय." आणि तिची पाठ चोळायला त्यांनी बामाचाच हात पुढे केला.

तो हात अंगाला लागायच्या आत निशिगंधा मागे सरली. ड्रमपाशी आली नव्हती एवढी शिसारी तिला या मायेची आली.

ती पुन्हा खाली गेली. संडासातली फिनाईलची बाटली सोबत नेली आणि सगळीच्या सगळी ड्रममध्ये ओतली. तेलावर दुधासारखे डाग पसरले. मग वर येऊन तिने ग्राहकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'आमचं कोळंबीचं लोणचं कृपया खाऊ नका. ते घरी केलेलं नाही आणि माल खराब आहे. चूक आमची आहे. बरणी फेकून द्या.' उरलेल्या बरण्यांवरची लेबलं तिने नखांनी ओरबाडली. अर्धी फाटली, अर्धी चिकटून राहिली. सासूबाईंचा हसरा चेहरा काही बरण्यांवर फक्त कपाळापासून नाकापर्यंत उरला.

धनेश आला तो थयथयाटच करत. "ग्रुपवर टाकायच्या आधी मला विचारायचं! गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस," तो ओरडला. सुमित्राबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, की सुनेने त्यांना भर बाजारात चोर ठरवलं.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. एकीने शिव्या घातल्या, त्या तिने निमूट ऐकल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, नातवाचं पोट बिघडलं होतं ते आता कळलं. तिने नातवाची चौकशी केली, माफी मागितली. हे सगळं सोसण्यासारखं होतं.

मग नेरूळहून स्वानंद नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. बरण्या पोत्यात भरता भरता तिने तो स्पीकरवर घेतला. "वहिनी, मेसेज वाचला," तो म्हणाला. "पण खरं सांगू? आधीच्यापेक्षा हीच चव भारी होती. एकदम गावाकडची. एखादी बरणी उरली असेल तर बाजूला ठेवाल का?"

"ते कुजलेलं होतं हो," निशिगंधा म्हणाली. "वरची बुरशी काढून भरलेलं."

"लोणचं म्हटलं की तेवढं चालतंच की."

तिने फोन कापला. पलीकडे सोफ्यावर सुमित्राबाई कान देऊन बसल्या होत्या. डोळे अजून ओले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं होतं. "बग," त्या धनेशला हलकेच म्हणाल्या, "आवडला त्याला."

धनेशही हसला.

निशिगंधा स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरचा तवा, पातेलं, उलथनं सगळं तिने गरम पाण्याने पुन्हा घासलं आणि स्वतःपुरता भात लावला. त्या दिवसापासून ती त्या घरात स्वतःच्या हातचंच जेवते. ऑर्डरचा फोन आला, तर कोणाच्याही आधी तीच उचलते आणि लोणचं बंद झालं म्हणून सांगते.