तक्रार नसलेला वॉर्ड

"साम्राज्यं तलवारीने बुडत नाहीत, पोटाने बुडतात!" असं संसर्गताईंनी भर सभेत बजावलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांनी चहा कधी येणार, असं खुणेने विचारलं.

इस्पितळात कुणाला उलटी झाली, कोण किती वेळा धावलं, यावर नजर ठेवून संसर्ग रोखणं हे ताईंचं काम, म्हणून नाव संसर्गताई. मिरवण्यासारखं नव्हे. पाहुण्यांनी विचारलं, की त्या "इस्पितळात असते" एवढंच सांगून बशी पुढे सरकवायच्या. नियम मात्र सोपा होता. वॉर्डात एकाचं पोट बिघडलं तर अपचन, दोघांचं बिघडलं तर साथ. साथ म्हणजे वॉर्ड बंद आणि ऑपरेशनं रद्द.

त्या दिवशी हाडांच्या वॉर्डातल्या एकाला सकाळी उलट्या झाल्या. त्याला वेगळ्या खोलीत हलवलं होतं. म्हणजे एक झाला. दुपारी जेवणाची ताटं गोळा करणारी बाई खुशीत म्हणाली, "ताई, आज हाडवाल्यांची एकही तक्रार नाही हो!"

ताईंच्या पोटात गोळा आला. तो भीतीचा की साथीचा, हे ठरवायला सवड नव्हती. हाडवाले रोज भाजीच्या नावाने शंख करायचे. ते गप्प म्हणजे त्यांनी भाजी पाहिलीच नव्हती.

आणि त्याच वॉर्डात ताईंचे वडील होते. उद्या सकाळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आधी दोनदा तारीख हुकलेली.

"कुणाला मळमळ? जुलाब?" ताईंनी दारातूनच विचारलं.

"छे छे!" सगळा वॉर्ड एका सुरात म्हणाला. इतकी एकी या मंडळींनी पंखा किती वेगाने ठेवायचा यावरही कधी दाखवली नव्हती.

वडील छताकडे बघत होते. ते निवृत्त फुटबॉल पंच. सगळे त्यांना रेफरीसाहेब म्हणायचे.

"बाबा, जेवला नाहीत?"

"उद्या ऑपरेशन ना. म्हटलं, पोट हलकं ठेवावं."

"किती वेळा हलकं केलंत?"

"ताई, साहेब ठणठणीत आहेत," शेजारचा प्लॅस्टरवाला मदतीला धावला. धावणं त्याला फक्त तोंडानेच शक्य होतं. "एकदाच गेले."

"नक्की?"

"म्हणजे... तासाला एकदाच."

वडिलांनी त्याच्याकडे लाल कार्ड दाखवल्यासारखं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "चिमे, बोलू नकोस कुठे. वर्ष झालं मी जिना उतरलेलो नाही. खिडकीतून रस्ता बघतो नुसता."

"आयुष्यभर दुसऱ्यांचे फाऊल पकडलेत ना?"

"म्हणून काय रेफरीला पोट नसतं?"

'अपचन' म्हणून सोडून दिलं, तर विचारणार कोण? विचारायचं काम ताईंचंच. आणि आणखी एखादी रात्र निभावली, की बाबांना गुडघा मिळणार होता.

तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या आजोबांकडे गेली. नुसता हाडांचा सापळा, त्यात हृदय कमजोर. दोन जुलाबही त्यांना झेपले नसते. त्यांच्या हातात बाबांचा स्टीलचा पेला होता.

"सकाळपासून मीच पाजतोय पाणी," बाबा जरा अभिमानाने म्हणाले. "हात थरथरतात बिचाऱ्याचे."

"हात धुतले होतेत?"

"ती सॅनिटायझरची बाटली आहे ना भिंतीवर, चोळलं त्यातलं."

"बाबा, हा विषाणू त्या बाटलीला हिंग लावून विचारत नाही! साबण लागतो, साबण!"

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं.

"लाव फोन," ते म्हणाले.

ताईंनी आधी पेला काढून घेतला. मग हात साबणाने खसाखसा धुऊन फोन लावला.

"हाडांचा वॉर्ड बंद. उद्याची ऑपरेशनं रद्द."

"रद्द?" सर्जन कडाडले. "दुसरा पेशंट कोण?"

"माझे वडील."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. इकडे प्लॅस्टरवाला काहीतरी पुटपुटला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. आजोबा खोकले. ताई दचकल्या. नुसता खोकलाच होता. आता त्यांच्या प्रत्येक ढेकरेला असंच दचकायचं होतं.

वडिलांशी काहीतरी बोलायला हवं होतं. ताईंनी सुरुवात केली. "बाबा, माणसाच्या आयुष्यात कसोटीचा एक क्षण..."

"चिमे," बाबा पलंगाची कड घट्ट धरून म्हणाले, "ते नंतर. आधी हात दे, आणि जरा लवकर चल."