भिंतीवरचा सुजलेला पाय

मित्रांनो, मी एक म्हातारा, लंगडा घोडा आहे. माझे नाव लेरोले. आमच्या लेसोथोच्या डोंगरांत लेरोले म्हणजे धूळ. शर्यतीत माझ्यामागच्यांना तेवढीच मिळे. माझे मालक सेखोन्याना. त्यांची भाची लिनेओ माझी जॉकी होती.

मैदानात बाकी सगळे मुलगेच. लिनेओ अंगाने हलकी, पण तिची मांड पक्की होती. चाबूक ती क्वचितच उगारी. कानाशी वाकून काहीतरी गुणगुणे आणि मी सुटे. शर्यती नसत तेव्हा ती गावातल्या घरांच्या भिंती रंगवी. शेणमातीने सारवायचे, ओल्या भिंतीवर बोटांनी नक्षी काढायची, मग गेरू भरायचा. त्यात ती जेवणही विसरे. तिच्या हातांना येणारा मातीचा वास मला फार आवडे.

एका हिवाळ्यात, मोठ्या शर्यतीच्या सकाळी, तिने माझ्या पुढच्या पायावरून हात फिरवला. पाय तापला होता, सुजलाही होता. तिचा हात तिथेच थांबला.

"कसा आहे गं?" मालकांनी लांबून विचारले.

तेवढ्यात त्सेको नावाचा जॉकी ओरडला, "काय गं, पळायला आलीस की मैदान सारवायला?" सगळे खो खो हसले.

लिनेओने हात काढून घेतला. "ठणठणीत आहे, मामा."

आम्ही जिंकलो. बायका आनंदाने किंचाळल्या. पण रेषा ओलांडताच माझा पाय दुमडला तो कायमचा.

"माझंच चुकलं," मामा सगळ्यांना सांगत. "मैदानातले दगड आधी बघायला हवे होते."

लिनेओ ते ऐके आणि मान खाली घाली. ती पुन्हा कोणत्याही घोड्यावर बसली नाही. माझा पाय शेकी, पट्टी बांधी. पण माझ्या डोळ्यांकडे बघत नसे. भिंती रंगवायला कोणी बोलावले, तर म्हणे, "हात चालत नाही आता."

मग लिनेओच्या मामेबहिणीचे लग्न ठरले. मामी हटूनच बसली. "पाहुणे काय कोरी भिंत बघत बसणार?" लिनेओने शेवटी माती कालवली. भिंतीवर मी उमटलो, भरधाव धावणारा. अंगणात गर्दी जमली.

"झकास!" मामा म्हणाले. "फक्त हा पाय जाड झालाय बघ. ओलं आहे तोवर नीट कर."

"चुकला नाही, मामा. त्या सकाळी तो असाच होता. माझ्या हाताला कळलं होतं."

"कळलं होतं? आणि मी इतके दिवस दगडांना शिव्या घालतोय?"

मामा तडक निघून गेले. लग्नातही ते तिच्याशी बोलले नाहीत. नंतर एका सकाळी ती माझी पट्टी बांधत असताना ते गरम पाण्याची बादली घेऊन आले, खाली बसले आणि त्यांनी माझा पाय धरला. "जरा वर बांध," एवढेच म्हणाले. "तिथं ठणकतं त्याला."

पावसाने ते चित्र धुऊन नेले. लिनेओ दरवर्षी ते नव्याने काढते. पाय दरवर्षी सुजलेलाच असतो.

मित्रांनो, मुक्या जिवाचे दुखणे हाताला कळले, तर ते तोंडाने सांगा. आणि ज्याने आपली चूक भर अंगणात कबूल केली, त्याचीही काळजी घ्या. मला तिच्याशी बोलता आले असते तर मी म्हणालो असतो, "लिनेओ, यंदा पाय नीट काढ."